तिसरीच्या वर्गात एआय: आधी काडेपेट्या, टॅब्लेट नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) शिकवणार, ही बातमी आली तेव्हापासून आमच्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आता खेड्यातलं पोरगं पुण्या-मुंबईच्या पोरांच्या बरोबरीला येणार. दुसरा म्हणतो, आधी पोरांना धड वाचता तर येऊ द्या. मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत नोकरी करून निवृत्त झाले आणि घराजवळच्या शाळेत अजूनही शनिवारी जाते. सेवेत असताना वर्तमानपत्राला पत्र लिहायचं तर दहादा विचार करावा लागायचा. आता ती अडचण राहिली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निर्णय नेमका काय आहे ते पाहू, कारण पारावर त्याचं भलतंच काही झालं आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासून पुढे एआय आणि संगणकीय विचार (म्हणजे प्रश्नाचे छोटे भाग पाडून तो पायरीपायरीनं सोडवणं) हा विषय आणायचा. अभ्यासक्रम ठरवायला सीबीएसईनं आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शिक्षकांना ‘निष्ठा’ या सरकारी कार्यक्रमातून प्रशिक्षण द्यायचं ठरलं. प्रत्येक पोराच्या हाती टॅब्लेट द्या किंवा गप्पा मारून उत्तरं देणारा चॅटबॉट द्या, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. पण बातमी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच गावोगाव विक्रेते फिरायला लागले.

असाच एक माणूस आमच्या शाळेत आला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण असे आणखीही फिरत असणार. सोबत चकचकीत टॅब्लेट, ‘एआय लॅब’चं रंगीत पत्रक आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून खरेदी कशी बसवायची याची फाईलही तयार. सरपंच आणि ग्रामसेवक दोघंही खूश. त्यानं चौथीतल्या एका मुलाला पुढे बोलावलं, त्याचा फोटो काढला, नाव, जन्मतारीख आणि बापाचा मोबाईल नंबर भरला आणि मगच यंत्र त्याच्याशी बोलू लागलं. वर अभिमानानं सांगितलं, ‘‘मॅडम, कॅमेऱ्यावरून कळतं, कोणता विद्यार्थी कंटाळलाय आणि कोणता खूश आहे.’’ मी म्हटलं, ते मलाही कळतं, आणि मी त्याचा फोटो कुठं पाठवत नाही.

युरोपीय संघानं शाळांमध्ये आणि कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखू पाहणाऱ्या अशा एआयवर बंदी घातली आहे, ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागूही झाली. वैद्यकीय किंवा सुरक्षेच्या कारणापुरता तेवढा अपवाद. तिकडे जे शाळेत चालत नाही, ते इकडे पत्रकावर ठळक अक्षरांत वैशिष्ट्य म्हणून छापलेलं असतं.

आता दुसऱ्या सुराबद्दल. वाचन आधी, हे अगदी खरं आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या चार मुलांपैकी जेमतेम एकाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ज्याला चार ओळी सलग वाचता येत नाहीत, त्याच्यापुढे चाळीस ओळी फडाफडा ओतणारं यंत्र ठेवून काय साधणार? तरीही ‘आधी वाचन, मग एआय’ म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. कारण यंत्र शाळेत येवो न येवो, घरात ते आलेलंच आहे. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी आई संध्याकाळी चुलीपाशी बसते तेव्हा तिचं पोरगं मोबाईलला बोलून प्रश्न विचारतं. ‘‘मॅडम, पोरगं सगळं मोबाईलवरच शिकी ऱ्हायनं,’’ असं एक बाई मला कौतुकानं सांगत होत्या. हे यंत्र काय आहे, ते कशावर चालतं आणि कुठं फसवतं, हे त्या पोराला कुणीतरी सांगायला हवंच. आणि त्यासाठी वीज, रेंज आणि टॅब्लेट यांपैकी काहीही लागत नाही, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

डोनाल्ड मिची नावाचा एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्यांपैकी एक. फुल्ली-गोळा खेळायला स्वतःहून शिकणारं यंत्र त्याला १९६१ च्या सुमारास करून दाखवायचं होतं, पण हाताशी संगणक नव्हता. मग त्यानं ३०४ काडेपेट्या जमवल्या आणि त्यांत रंगीत मणी भरले. डाव जिंकला की पेट्यांत मणी वाढवायचे, हरला की काढून घ्यायचे. खेळत खेळत त्या पेट्या चांगलं खेळायला शिकल्या! तिसरी-चौथीच्या मुलांना ३०४ पेट्या कुठून झेपणार? म्हणून आम्ही शनिवारी यापेक्षा सोपा खेळ मांडतो. कृती मुद्दाम तपशिलात देते. कुणी शिक्षक हे पत्र वाचत असतील तर सोमवारी वर्गात करून बघता येईल.

टेबलावर १० काड्या ठेवायच्या. दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं एक किंवा दोन काड्या उचलायच्या. शेवटची काडी ज्याच्या हाती येईल तो जिंकला. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला ‘पेटी’. पेटी म्हणजे १० रिकाम्या काडेपेट्या, त्यांवर १ ते १० आकडे टाकलेले. प्रत्येकीत चार लाल आणि चार पांढरे मणी. लाल म्हणजे एक काडी उचल, पांढरा म्हणजे दोन. एक नंबरच्या पेटीत मात्र फक्त लाल, कारण एकच काडी उरल्यावर दोन उचलणार कुठून? मणी एकाच मापाचे घ्यावेत. चिंचोके आणि हरभरे घेतले तर आमच्या पोरांच्या बोटांना डोळे मिटूनही कळतं काय हाताला लागलं ते.

पहिली खेळी पेटीची. १० काड्या आहेत, म्हणून १० नंबरची पेटी उघडायची, न बघता एक मणी काढायचा, तो सांगेल तेवढ्या काड्या उचलायच्या आणि तो मणी त्या पेटीपुढेच ठेवायचा. मग मुलांची पाळी. नंतर जेवढ्या काड्या उरल्या त्या नंबरची पेटी. पेटी जिंकली तर बाहेर काढलेले मणी आपापल्या पेटीत परत, वर त्याच रंगाचा एकेक मणी बक्षीस. हरली तर बाहेरचे सगळे मणी जप्त. एखादी पेटी रिकामी झाली आणि तिची पाळी आली, तर तिनं डाव सोडला असं धरायचं.

सुरुवातीला पेटी वेड्यासारखी खेळते आणि मुलं तिला हसतात. डाव वाढत जातात तसं हसणं कमी होतं. मग एखादा शनिवार असा येतो की पेटी ऐकतच नाही, मुलं चिडतात, डोकी खाजवतात आणि कुणीतरी म्हणतं, उघडा सगळ्या पेट्या, आत काय आहे बघू. १० च्या पेटीत लालच लाल, ८ च्या पेटीत पांढऱ्यांची गर्दी. फळ्यावर मांडलं की चौथीच्या हुशार पोरीला दिसतं: पेटी दरवेळी आपल्यापुढे ९, नाहीतर ६, नाहीतर ३ काड्या ठेवते. तीनचा पाढा! पेटीला पाढे येत नाहीत. पेटीला काहीच येत नाही. तरी पाढा तिच्यातून निघाला. त्यावर एका मुलानं मला विचारलं, ‘‘मॅडम, हारनी का पेटीले वाईट वाटस का?’’ या एका प्रश्नावर वर्गात अर्धा तास वाद झाला. मी उत्तर दिलं नाही. दहा काडेपेट्या सुट्या करून त्याच्यापुढे मांडल्या आणि म्हटलं, वाईट कोणत्या पेटीला वाटलं ते तूच शोधून दे.

याहून मोठी गंमत आपली वेगळी पेटी घेऊन खेळणाऱ्या दुसऱ्या गटानं केली. त्यातल्या पोरींना पेटीची दया आली. त्या मुद्दाम चुकीच्या खेळी करून तिला जिंकू द्यायच्या. त्यांच्या पेट्या मण्यांनी काठोकाठ भरल्या. मग दोन्ही गटांच्या पेट्या समोरासमोर बसवल्या, तर लाडावलेली पेटी हरत सुटली. चूक कुणाची, पेटीची की शिकवणाऱ्यांची? यंत्राला जे खाऊ घालाल तेच ते होतं, हे नुसतं भाषणात सांगितलं असतं तर एकाच्याही डोक्यात शिरलं नसतं.

प्रश्नांना उत्तरं देणारी आजची यंत्रं या पेट्यांपेक्षा अर्थातच फार निराळी आणि अफाट आहेत. मुळात ती प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायला शिकलेली असतात. मग माणसं त्यांची उत्तरं चांगली-वाईट ठरवतात आणि त्यातून त्यांना वळण लावलं जातं. हेही खेळातून दाखवता येतं. फळ्यावर लिहायचं, ‘आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) मुली निंबाच्या झाडाला…’ आणि प्रत्येकानं पुढचा शब्द चिठ्ठीवर लिहायचा. बहुतेक चिठ्ठ्यांवर झोका निघतो. पाड्यावरून येणाऱ्या एखाद्या पावरा आदिवासी मुलाच्या चिठ्ठीवर वेगळंच काही असतं. यंत्र झोकाच म्हणणार. त्या मुलाची चिठ्ठी चुकलेली नसते, फक्त एकटी असते.

चॅटबॉट मी वर्गात आणते, पण माझ्याच फोनवर, माझ्याच खात्यातून आणि प्रश्न मीच टाइप करते. मुलं फक्त ऐकतात आणि तपासतात. आमच्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाबद्दल विचारलं तेव्हा यंत्रानं छान सजवून सांगितलं की हा पौष महिन्यातला नदीकाठचा दीपोत्सव आहे. वर्ग खो-खो हसला. नागपंचमीनंतरच्या श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते आणि रोटाचे गहू सव्वा मुठीच्या हिशेबानं मोजतात, हे ज्या पोरांनी घरात पाहिलंय त्यांना यंत्र काय शिकवणार! ‘‘हाई खोटं शे,’’ एक पोरगी ठणकावून म्हणाली. मला फार बरं वाटलं. पण लगेच पेंग्विनबद्दल विचारलं, तर यंत्र जे बोललं ते सगळं त्याच पोरीनं मुकाट्यानं वहीत उतरवून घेतलं. खरी गोची इथं आहे. जिथं आपल्याला माहीत असतं तिथं यंत्राची थाप पकडता येते. जिथं माहीत नसतं तिथं तोच आत्मविश्वास, तीच गोड भाषा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जगातलं माहीत असतं किती? म्हणून पेंग्विनचं उत्तर पुस्तकपेटीतल्या पुस्तकाशी ताडून बघायचं, ही सवय आधी लागली पाहिजे. पुस्तक नसेल तर ते उत्तर वहीत पेन्सिलनं लिहायचं, असा नियम आम्ही केला आहे.

बोलून चालणाऱ्या यंत्रांबाबतही एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, ती अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांच्या कानावर जावी. आमच्याकडची मुलं घरी अहिराणी बोलतात, कुणी गुजरी, कुणी लेवा, पाड्यांवरची पावरी. एका वाचन-ॲपपुढे दुसरीतला मुलगा धडा वाचत होता. वाचलं बरोबर होतं, हेल मात्र घरचा. ॲपनं एक शब्द चुकीचा धरला. पोरानं पुन्हा वाचला, पुन्हा चूक. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज बारीक झाला आणि मग तो गप्प बसला. यंत्राच्या कानात दोष असेल असं त्याच्या मनातही आलं नाही, त्यानं दोष स्वतःच्या जिभेवर घेतला. हे एकाच ॲपचं दुखणं नाही. ज्या बोलीचे आवाज यंत्राला पुरेसे ऐकवलेलेच नाहीत, ती बोली त्याला कळणार तरी कशी? पेट्यांचा खेळ खेळलेल्या मुलाला हे सहज समजतं. न खेळलेलं मूल मान खाली घालतं.

वयाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. युनेस्कोनं २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की अशा यंत्रांशी मुलांनी एकट्यानं संवाद करायचा तर वय किमान १३ असावं. काही बड्या चॅटबॉट कंपन्यांच्या स्वतःच्या अटींतही १३ ची मर्यादा आहे. तिसरीचं मूल आठ वर्षांचं. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा अगदी साधा गप्पा मारणारा प्रोग्रॅम केला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढीच त्याची करामत. त्यांच्या सेक्रेटरीला हे सगळं ठाऊक होतं, तरी थोडं बोलणं होताच तिनं वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. मोठ्या, जाणत्या बाईची ही गत, मग घरात बोलायला कुणी नसलेल्या आठ वर्षांच्या पोराचं काय? आणि घरात बोलायला कुणी नाही अशी पोरं खेड्यात नसतात, हा शहरवाल्यांचा गैरसमज आहे. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मुलं आजीजवळ राहतात, ती आमच्या पटावर असतात.

आता कायद्याचं. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायलाही कायद्यात मनाई आहे. ऐकायला फार छान. पण नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि ही कलमं प्रत्यक्ष लागू व्हायला त्यांनी १८ महिन्यांची मुदत दिली, म्हणजे २०२७ चा मे. विषय २०२६-२७ मध्ये येणार आणि त्या मुलांचं संरक्षण वर्ष सरल्यावर. शिवाय शैक्षणिक कामासाठी आणि सुरक्षिततेसाठी शाळांना पाळतीच्या मनाईतून काही सवलत आहे, आणि मेख तिथंच आहे. ‘शैक्षणिक काम’ या दोन शब्दांत तो कंटाळा मोजणारा कॅमेरा बसवायला विक्रेत्याला किती वेळ लागेल?

म्हणून या मधल्या वर्षात तरी कायद्याची वाट न पाहता शाळांनीच काही ठरवावं. मुलाचा चेहरा, आवाज, नाव आणि पालकांचा नंबर मागणारं कुठलंही ॲप प्राथमिक वर्गात वापरू नये. खातं लागणार असेल तर ते शिक्षकाचं, मुलाचं नाही. खरेदीचा प्रस्ताव आला की तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे सविस्तर ठेवावा, नुसत्या सह्या घेऊ नयेत. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत ते काही चहापुरते नाहीत.

शिक्षकांवर हे नवं ओझं टाकताना जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एक विचार जरूर करावा. द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंच्या फोनमध्ये आधीच पोषण आहाराची नोंद, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, हजेरी आणि कसल्या कसल्या लिंक भरलेल्या आहेत. तिला एआयचे व्हिडिओ बघून ऑनलाइन प्रमाणपत्र घ्यायला लावलं तर ती ते घेईल, रात्री भांडी घासताना फोन शेजारी ठेवून घेईल, आणि वर्गात काहीही बदलणार नाही. त्यापेक्षा आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत एक दुपार काड्या आणि मणी घेऊन बसा, दोन-दोन शिक्षक जोडीनं खेळा, लाडावलेली पेटी करून बघा. राज्य सरकारनं २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला आहेच. तासाला वेगळी जागा शोधायची गरज नाही.

आमच्या गावात त्या ‘एआय लॅब’चा विषय पुढच्या ग्रामसभेत येणार आहे. दरपत्रकासोबत तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मागवावीत, असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे: मुलांचे फोटो आणि आवाज कुठं साठवणार, मागितल्यावर ते किती दिवसांत पुसणार, आणि कॅमेरा बंद ठेवून हे यंत्र चालतं का? विक्रेत्याला फोन केला तर पहिल्या दोन प्रश्नांवर तो ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणाला आणि तिसऱ्यावर म्हणाला, ‘‘मॅडम, मग त्यात एआय काय राहिलं?’’ ज्या गावांत अशी फाईल आली असेल तिथल्या पालकांनीही हेच तीन प्रश्न विचारावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. चोपडा, जि. जळगाव